हवेवर तोललेला वेग

मोटारगाडीचे अंग चाकांवर तोलून धरण्यासाठी पोलादी स्प्रिंग वापरावी की रबरी फुग्यात कोंडलेली हवा, हा प्रश्न सामान्य प्रवासी गाडीच्या बाबतीत आराम आणि खर्च यांच्या हिशेबाने सुटतो. परंतु जी गाडी मुळात वेगाने वळणे घेण्यासाठी, उशिरा ब्रेक मारण्यासाठी आणि चालकाला रस्त्याची अचूक खबर देण्यासाठी घडवली जाते, तिच्या बाबतीत तो इतका सोपा राहत नाही. हवा आरामासाठी आणि पोलाद वेगासाठी, अशी एक ठरीव समजूत या विषयात रूढ आहे आणि ती अर्धीच खरी आहे. जर्मनीतील न्यूर्बर्गरिंगच्या सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या जुन्या मार्गावर हवेच्या स्प्रिंगवर उभ्या असलेल्या दोन-सव्वादोन टनांच्या गाड्यांनी अलीकडे अशा वेळा नोंदवल्या आहेत, ज्या एके काळी केवळ हलक्या स्पोर्ट्स गाड्यांच्या आवाक्यातल्या मानल्या जात. आणि त्याच काळात काही उत्पादकांनी आपल्या सर्वांत धारदार आवृत्त्यांतून हवा काढून पोलाद परत आणले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात हे समजून घ्यायचे असेल, तर स्प्रिंगचे नेमके काम कोणते, येथूनच सुरुवात करावी लागते.

सस्पेन्शन हा शब्द एकवचनी वापरला जात असला, तरी त्यात निरनिराळी कामे करणारे तीन घटक असतात. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि उंचवटा आला की दबून ऊर्जा साठवते. डँपर, ज्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात, तीच ऊर्जा अरुंद छिद्रांतून ढकलल्या जाणाऱ्या तेलात उष्णतेच्या रूपाने जिरवून गाडीचे झुलणे थांबवतो. आणि अँटी-रोल बार, म्हणजे एकाच आसावरील डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, पिळाला विरोध करणारी पोलादी कांब, वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूस कलू देत नाही. चालकाला जाणवणारा ताठपणा किंवा मऊपणा हा या तिघांचा, शिवाय टायर आणि रबरी बुशांचा मिळून झालेला परिणाम असतो. म्हणूनच हवेच्या गाडीत आलेला प्रत्येक बरावाईट अनुभव हवेच्याच खात्यावर मांडणे, ही या विषयातली पहिली आणि सर्वांत सामान्य चूक होय.

पोलादी गुंडाळी स्प्रिंगचा स्वभाव सरळ असतो. पहिला सेंटिमीटर दाबायला जितके बल लागते, तितकेच पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला वाढीव लागते. हे प्रमाण, ज्याला स्प्रिंगची ताठरता म्हणतात, सकाळी-संध्याकाळी, थंडीत-उन्हात आणि हळू किंवा झटकन दाबल्यावर जवळजवळ सारखेच राहते. स्वतःच्या वजनाने गाडी स्प्रिंगला किती दाबते यावर तिची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसल्यावर ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल हे, ठरते: स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल तर ही वारंवारता सुमारे १ हर्ट्झ येते आणि सव्वासहा सेंटिमीटर दबत असेल तर २ हर्ट्झ. आरामदायी गाड्या साधारण १ ते दीड हर्ट्झच्या आसपास ठेवल्या जातात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या त्याहून वर दोनच्या दिशेने सरकतात, आणि ज्या शर्यतीच्या गाड्यांना वाऱ्याचा मोठा भार जमिनीकडे दाबतो त्या तीन ते पाचपर्यंत जातात. पोलादी स्प्रिंगची अडचण एवढीच की एकदा निवडलेली ताठरता बदलत नाही, त्यामुळे गाडीत माणसे आणि सामान भरले की ती खाली बसते, वारंवारता उतरते आणि चाकाला वर सरकायला उरलेली जागा कमी होते.

हवेची स्प्रिंग नेमक्या याच अडचणीतून जन्मली, आणि म्हणूनच ती प्रथम रुजली ती अवजड वाहनांत. अमेरिकेत फायरस्टोन या टायर-उद्योगाने १९३० च्या दशकात हवेच्या फुग्यांवर काम सुरू केले आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या हवेवर धावू लागल्या. महाराष्ट्रातील वाचकालाही हवेच्या सस्पेन्शनची पहिली ओळख बहुधा एखाद्या महागड्या मोटारीतून झालेली नसून मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरी बसमधून झालेली असते. ४५ प्रवासी चढले की अशा बसचे वजन सामानासह ३ टनांहून अधिक वाढते. रिकाम्या बसला साजेशी पोलादी पाट्यांची रचना भरलेल्या बसला पुरत नाही आणि भरलेल्या बसला साजेशी रचना रिकाम्या बसमधील प्रवाशाची हाडे खिळखिळी करते. हवेच्या स्प्रिंगमध्ये भार वाढला की कम्प्रेसर फुग्यात आणखी हवा भरतो, दाब वाढतो, बस मूळ उंचीवर येते आणि ताठरताही भाराच्या जवळजवळ प्रमाणातच वाढते, कारण कोंडलेल्या वायूची ताठरता त्याच्या दाबाशी समप्रमाणात आणि आकारमानाशी व्यस्त प्रमाणात असते. भार आणि ताठरता बरोबरीने वाढल्यामुळे वारंवारता मात्र जिथल्या तिथे राहते. भरलेली बस आणि रिकामी बस जवळजवळ सारखीच झुलते, ही हवेच्या स्प्रिंगची खरी करामत आहे, आणि पोलादाला ती साधत नाही.

मोटारींच्या जगात ही कल्पना आली ती मात्र आरामाचे वचन घेऊन. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉहॅममध्ये चारही चाकांवर हवा बसवली, पुढच्या वर्षी जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांतही तो पर्याय दिला गेला, आणि गळक्या झडपांनी व सांध्यांनी तो प्रयोग इतका बदनाम केला की अनेक मालकांनी हवा काढून साध्या गुंडाळी स्प्रिंगा बसवून घेतल्या. फ्रान्समध्ये सिट्रोएनने वेगळी वाट धरली. पॉल माजेस यांनी विकसित केलेल्या आणि १९५५ च्या डीएस गाडीतून प्रसिद्ध झालेल्या रचनेत पोलादी गोळ्यात नायट्रोजन कायमचा बंद केलेला असे आणि उंची सांभाळण्याचे काम तेल करी. वायूचे वस्तुमान बदलत नसल्यामुळे तेथे भार वाढला की वायू दबून लहान होतो आणि ताठरता भाराहूनही वेगाने चढते. म्हणून या रचनेला हवेच्या स्प्रिंगची बहीण म्हणता येईल, जुळी म्हणता येणार नाही. या कुळातल्या गाडीने १९५९ ची माँटे कार्लो रॅली जिंकली, आणि वायूवर तोललेली गाडी वेगाशी मुळातच वैर धरते, हा आक्षेप त्याच वेळी निकाली निघायला हवा होता. जर्मनीत मर्सिडीझने १९६१ च्या ३०० एसई या गाडीत हवा आणली आणि १९६८ मध्ये ३०० एसईएल ६.३ या रूपात तिला २५० अश्वशक्तीचे इंजिन जोडले; ताशी २२० किलोमीटर जाणारी ही चार दारांची आलिशान गाडी हवेवर उभी होती. तिच्यावर बेतून एएमजीने घडवलेली शर्यतीची गाडी १९७१ च्या स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरी आली.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ती जड गाड्यांची उदाहरणे आहेत, किंवा वाईट रस्त्यांवर धावायच्या गाड्यांची. ज्या गाडीला काटेकोर अर्थाने कामगिरीची गाडी म्हणता येईल, म्हणजे जिची घडण प्रामुख्याने चालवणाऱ्यासाठी केलेली आहे, जिच्यात दोनच माणसे खऱ्या अर्थाने बसतात आणि जिचे वजन दीड टनाच्या आत राखण्यासाठी अभियंत्यांनी किलोकिलोचा हिशेब केलेला आहे, तिच्यापुढे बसची अडचण उभीच राहत नाही. १४५० किलो वजनाच्या गाडीत शेजारी एक माणूस बसला आणि टाकी भरली, तर भार फार तर आठ-नऊ टक्क्यांनी बदलतो. एवढ्या फरकासाठी कम्प्रेसर, हवेचा साठा, ओलावा शोषणारा ड्रायर, झडपांचा संच, प्रत्येक चाकाजवळचा उंचीमापक आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा संगणक वाहून नेणे, हा व्यवहार तोट्याचाच ठरतो. हवेची स्प्रिंग ज्या प्रश्नाचे उत्तम उत्तर आहे, तो प्रश्न अशा गाडीला पडलेलाच नसतो.

तरीही हवेवर सामान्यतः ठेवला जाणारा आरोप वेगळाच असतो. हवेमुळे रस्ता ‘कळत नाही’, गाडी तरंगते, स्टिअरिंगमध्ये जीव उरत नाही, असे म्हटले जाते. तरंगणे हा डँपरचा दोष आहे. स्प्रिंगच्या मानाने डँपर दुबळा असेल तर पोलादावरची गाडीही तितकीच तरंगते, हे जुन्या अमेरिकी गाड्यांनी पुरेसे दाखवून दिले आहे. स्टिअरिंगची खबर मुख्यतः पुढच्या चाकांच्या भूमितीवर, टायरवर आणि स्टिअरिंगला मदत करणाऱ्या विद्युत मोटारीच्या जुळवणीवर अवलंबून असते. हवेच्या बाजूने दोष शोधायचाच तर तो उलट्या दिशेने सापडतो: रबर आणि धाग्यांच्या थरांनी बनलेली फुग्याची भिंत त्याच्या तळाशी असलेल्या दट्ट्यावर गुंडाळत-उलगडत असताना स्वतःच थोडा विरोध करते, त्यामुळे अगदी बारीक, झटपट खाचखळग्यांवर हवेची गाडी पोलादापेक्षा किंचित कडक वाटते. हा दोष पातळ भिंतीचे फुगे आणि त्यांना बाहेरून आधार देणारी धातूची नळी वापरून बराच कमी झालेला आहे. म्हणजे ज्या कारणासाठी हवेला नावे ठेवली जातात ते कारण फारसे टिकत नाही. खरा आक्षेप निराळा आहे आणि तो अधिक गंभीर आहे.

तो आक्षेप स्थिरतेचा आहे. वायू सावकाश दाबला तर दाबामुळे निर्माण झालेली उष्णता बाहेर निघून जाते आणि बॉईलच्या नियमानुसार दाब आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. परंतु तोच वायू झटक्याने दाबला तर उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, वायू तापतो आणि ताठरता सावकाश दाबलेल्या वायूच्या जवळजवळ १.४ पट होऊ शकते. एकाच स्प्रिंगची ताठरता अशा रीतीने तिला किती वेगाने दाबले यावर अवलंबून राहते. गाडी लांब, संथ वळणात कललेली असताना स्प्रिंग एका स्वभावाची असते आणि त्याच वळणात रस्त्याचा सांधा लागला की दुसऱ्या स्वभावाची होते. त्यात भर अशी की दबत जाताना हवेची स्प्रिंग अधिकाधिक कडक होते आणि उलगडताना मऊ होत जाते. वळणावर बाहेरचे चाक दबते आणि आतले उलगडते, तेव्हा बाहेरची बाजू जितकी खाली जाते त्यापेक्षा आतली बाजू अधिक वर येते आणि गाडीचा गुरुत्वमध्य अंशमात्र का होईना, नको त्या क्षणी उंचावतो. हे परिणाम गणिताने आधी ओळखता येतात आणि दट्ट्याला योग्य आकार देऊन, डँपरची जुळवणी करून पुष्कळसे आवरताही येतात. पण टायरच्या पकडीच्या कडेवर गाडी चालवणाऱ्याला जे हवे असते, ते एकाच कृतीला दर खेपेस एकच उत्तर. दहाव्या फेरीतले वळण पहिल्या फेरीसारखेच लागले पाहिजे, ही त्याची मागणी असते, आणि त्या मागणीपुढे पोलादाचा मठ्ठ वाटणारा एकसुरीपणा हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरतो.

या विवेचनाला एक मोठा अपवाद संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कामगिरीच्या गाडीचा भार बदलत नाही, हे विधान ती उभी असतानाच खरे असते. पंख आणि तळाच्या आकारामुळे वेगात वाहणारी हवा गाडीला जमिनीकडे दाबते. या दाबाला वायुभार म्हणता येईल. पोर्शच्या ९११ जीटी३ आरएस या सध्याच्या पिढीच्या गाडीवर ताशी २८५ किलोमीटर वेगाला ८६० किलोंचा वायुभार येतो, आणि ती गाडी स्वतः १४५० किलोंची आहे. म्हणजे सरळ मार्गाच्या शेवटी स्प्रिंगांवर उभ्या गाडीच्या जवळजवळ १.६ पट भार असतो. बसमध्ये प्रवासी भरल्याने होणाऱ्या बदलापेक्षा हा बदल प्रमाणाने मोठा आहे, आणि भार बदलला तरी उंची कायम राखणे हे तर हवेच्या सस्पेन्शनचे ब्रीदच. शिवाय अशा गाडीला उंची कायम राहण्याची गरज बसपेक्षा कितीतरी अधिक असते, कारण तळ आणि रस्ता यांतील अंतर काही मिलिमीटरांनी बदलले तरी वायुभाराचे गणित बदलते. मग याच गाडीत हवा असायला हवी होती. प्रत्यक्षात ती पोलादी स्प्रिंगांवर उभी आहे.

याचे उत्तर काळाच्या मापात आहे. बसमध्ये माणसे चढायला मिनिटे लागतात आणि कम्प्रेसरला फुगे भरायला तेवढा वेळ पुरतो. वायुभार मात्र ब्रेकवर पाय पडताच तीन-चार सेकंदांत बहुतांश नाहीसा होतो, कारण तो वेगाच्या वर्गाशी बांधलेला असतो. वेग निम्मा झाला की भार पाव उरतो. हवा झडपांतून आत-बाहेर करून इतक्या घाईने उंची सांभाळता येत नाही आणि सांभाळायचा प्रयत्न केला तर वळणाच्या तोंडाशी, म्हणजे चालकाला गाडीवर सर्वाधिक विश्वास टाकायचा असतो तेव्हाच, स्प्रिंगचा दाब बदलत राहील. म्हणून उंचीची यंत्रणा जोरात वळताना आणि ब्रेक मारताना मुद्दाम गप्प बसवली जाते. हे काम खरोखर साधायचे तर न दबणारे तेल लागते. विल्यम्सच्या १९९२ च्या एफडब्ल्यू१४बी या फॉर्म्युला वन गाडीने संगणकाच्या आज्ञेत राहणाऱ्या तेलाच्या दाबाने गाडीची उंची प्रत्येक क्षणी राखली, नायजेल मॅन्सेल त्या वर्षीचा विश्वविजेता झाला आणि १९९४ पासून अशा सक्रिय सस्पेन्शनवर बंदी आली. हवेच्या स्प्रिंगवर बंदी घालण्याची वेळच आली नाही, कारण त्या शर्यतीत ती कधी उतरलीच नव्हती.

एवढे सगळे असताना हवेवरच्या जलद गाड्या दरवर्षी का वाढत आहेत, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: वजन. एकाच मोठ्या उद्योगसमूहाच्या समान पायावर उभ्या असलेल्या गाड्यांची तुलना येथे फार बोलकी आहे. पोर्शने कायेन टर्बो जीटी या सव्वादोन टनांच्या गाडीत तीन कप्प्यांची हवेची स्प्रिंग ठेवली, ती १५ टक्क्यांपर्यंत अधिक ताठ केली आणि २०२१ मध्ये न्यूर्बर्गरिंगवर ७ मिनिटे ३८.९ सेकंदांची वेळ नोंदवली; तीन वर्षांनी ऑडीच्या आरएस क्यू८ परफॉर्मन्सने हवेवरच राहून तीही मागे टाकली. त्याच पायावरच्या लॅम्बोर्गिनी उरुसमध्ये मात्र २०२२ साली परफॉर्मान्ते ही आवृत्ती काढताना हवा वगळून पोलादी स्प्रिंगा बसवल्या गेल्या, गाडी २० मिलिमीटरने खाली आणली गेली आणि एकूण वजनात ४७ किलोंची घट झाली. एका गटाच्या अभियंत्यांनी जड गाडीला तिच्या जडपणासकट सांभाळणे पसंत केले आणि दुसऱ्या गटाने जडपणाच थोडा कमी करून चालकाला एकच, न बदलणारी स्प्रिंग दिली. घड्याळ पहिल्यांच्या बाजूने बोलते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण घड्याळ फक्त शेवटी किती वेळ लागला ते सांगते.

हवेच्या स्प्रिंगमधील ‘कप्पे’ म्हणजे काय, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण आधुनिक हवेचे सारे सामर्थ्य त्यात आहे. वायूची ताठरता आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे स्प्रिंगला जोडलेली जास्तीची पोकळी झडप लावून तोडली की उरलेली हवा लगेच अधिक ताठ होते. आकारमान निम्मे झाले तर ताठरता जवळजवळ दुप्पट होते. पोर्शने २००९ च्या पॅनामेरात अशी एक जादा पोकळी दिली आणि २०१६ च्या पिढीत कप्प्यांची संख्या तीनवर नेली. महामार्गावर तिन्ही कप्पे उघडे ठेवून मऊ चालणारी गाडी वळण लागताच दोन कप्पे बंद करून ताठ होते. पोलादी गुंडाळीला हे सामर्थ्य नाही, आणि कुटुंबासह लांबचा प्रवास करून त्याच गाडीने घाटात आनंद शोधणाऱ्या माणसासाठी ते मोलाचे आहे. हवेवर टीका करणाऱ्यांनी हा गुण पुष्कळदा कमी लेखलेला आहे.

तरीही या वाटेचे पुढचे वळण पाहिले की हवेचे मूळ स्थान पुन्हा दिसू लागते. पोर्शने नव्या पॅनामेरात आणि टायकॅनमध्ये प्रत्येक डँपरला विजेवर चालणारा तेलाचा पंप जोडणारी सक्रिय रचना पर्याय म्हणून दिली. ही रचना चाकाला हवे तेव्हा वर ओढते किंवा खाली ढकलते, त्यामुळे कलणे, नाक खुपसणे आणि मागे बसणे या तिन्ही गोष्टी ती आपल्या बळावर आवरते. या रचनेसोबत येणारी हवेची स्प्रिंग एकाच कप्प्याची आहे. वळणावरचे काम तेलाने उचलताच तीन कप्प्यांची गरज संपली आणि हवा आपल्या जुन्या, बसमधल्या कामावर परतली, ते म्हणजे भार पेलणे आणि उंची राखणे. टायकॅन टर्बो जीटीने याच रचनेवर २०२३ मध्ये न्यूर्बर्गरिंगची फेरी ७ मिनिटे ७.५५ सेकंदांत पूर्ण केली. ही वेळ विलक्षण आहे. तिच्या शेजारी त्याच कंपनीच्या ९११ जीटी३ ची २०२१ ची वेळ ठेवावी: ६ मिनिटे ५९.९ सेकंद, पोलादी स्प्रिंगा, सुमारे १४३५ किलो वजन आणि ५१० अश्वशक्ती. टायकॅनचे वजन २२०० किलोंच्या वर आणि शक्ती क्षणभराची जादा मात्रा सोडूनही ७८० अश्वशक्तीहून अधिक आहे. या फरकाचे श्रेय एकट्या स्प्रिंगला देणे अशास्त्रीय होईल. त्यातून एवढेच दिसते की हवा आणि तिच्याभोवतीचे सगळे यंत्रमंडळ हा वजनावरचा उतारा आहे, आणि उतारा कितीही गुणकारी असला तरी मुळात आजार नसलेल्या शरीराला त्याची गरज भासत नाही.

बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने घेतलेली भूमिका या दृष्टीने लक्षणीय आहे. साध्या एक्स५ मध्ये हवा मिळत असताना एक्स५ एमला पोलादच दिले गेले, आणि २४३५ किलो वजनाच्या नव्या एम५ मध्येही हवा आली नाही. फेरारीने पुरोसांग्वे या पहिल्या चार दारांच्या गाडीत पोलादी स्प्रिंगांसोबत विद्युत मोटारींनी चालणारे सक्रिय डँपर वापरले. ऑडीच्या आरएस६ ला हवा मूळ किमतीत मिळते आणि तिरप्या कोपऱ्यांतील डँपर तेलाने जोडणारी पोलादी रचना जादा पैसे मोजून घ्यावी लागते. पण २०२४ मध्ये ६६० गाड्यांपुरती मर्यादित जीटी आवृत्ती काढताना त्याच कंपनीने हाताने पिळून उंची बदलता येणाऱ्या पोलादी स्प्रिंगा मूळ साज म्हणून दिल्या. जी गाडी सर्वांत अधिक चालकासाठी आहे असे उत्पादकाला स्वतःला वाटते, तिला तो कोणती स्प्रिंग देतो, हा पुरावा कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा वजनदार मानला पाहिजे.

भारतातील रस्त्यांचा दाखला देऊन हवेची बाजू घेतली जाते, तिचाही विचार व्हायला हवा. युक्तिवाद असा की गतिरोधकांवर खालची गाडी घासते आणि हवा तिला उचलून धरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. अडीच मीटरच्या आसपास चाकांतर असलेली गाडी अशा कमानीवर उभी राहिली तर तिच्या पोटाखाली कमान जेमतेम पाच सेंटिमीटर वर येते, आणि १० ते १२ सेंटिमीटर जमिनीपासून उंच असलेली स्पोर्ट्स गाडी ती सहज ओलांडते. घासते ती मोजमाप न करता घातलेल्या डांबराच्या उभ्या ढिगावर, आणि त्याचा इलाज रस्ते बांधणाऱ्यांकडे मागायला हवा. उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते असेही नाही. ९११ ला मिळणारी तेलावर चालणारी यंत्रणा नाक सुमारे ४० मिलिमीटर उचलते आणि अडथळा संपला की पोलादी स्प्रिंगला तिच्या जागी सोडून देते. दुसरीकडे मुंबई-कोकणातील दमट हवा, उन्हाळ्यातील तापलेले रस्ते आणि पावसाळ्यातील चिखल हे रबराच्या फुग्याचे आणि कम्प्रेसरच्या ड्रायरचे शत्रू आहेत. फुग्याला बारीक चीर गेली की रात्रभरात गाडीचा एक कोपरा खाली बसतो आणि ती गळती भरून काढता काढता कम्प्रेसरही झिजतो. पोलादी गाडीत बाहेरून फुगे बसवून घेण्याचा मार्ग तर भारतात कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचा आहे, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाजोगता बदल करू देत नाही.

तेव्हा दोन टनांची, चार माणसांची, दिवसभर महामार्ग कापून संध्याकाळी घाट चढणारी वेगवान गाडी हवेवर असावी, हे रास्त आहे. तिला पोलादावर बसवण्याचा आग्रह हा पुष्कळदा परंपरेचा अभिमान असतो आणि त्याची किंमत मागच्या सीटवरील माणसे मोजतात. हलक्या, दोन माणसांच्या, चालकासाठी घडवलेल्या गाडीला मात्र हवा शोभत नाही, कारण तिथे ती न पडलेल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि त्या बदल्यात वजन वाढवते व स्प्रिंगचा स्वभाव चंचल करते. पोर्शने हा प्रयोग एकदा करून पाहिलेला आहे. १९६९ ते १९७१ या वर्षांतील ९११ ई या गाडीच्या पुढच्या चाकांवर पोलादी टॉर्शन बारऐवजी, म्हणजे पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या कांबांऐवजी, वायू आणि तेल यांवर चालणारे, स्वतःची उंची स्वतः राखणारे आधार बसवलेले होते. त्या गाड्यांपैकी अनेकींचे ते आधार मालकांनी पुढे काढून टाकले आणि त्यांच्या जागी टॉर्शन बार बसवून घेतले.